पाच वॅट आणि सोळा ओम

गेल्या दिवाळीला गाडीच्या डिकीत फराळाच्या डब्यांशेजारी एक लोखंडी पेटी ठेवून मी आटपाडीला निघालो. वजन चौदा किलो. बायकोने विचारलं, "हे न्यायलाच हवं का?" म्हटलं, आबांना दाखवायचंय. ती म्हणाली, "दाखवायचंय, का ऐकवायचंय?" तिने सहज विचारलं असेल, पण फलटण येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आता फारसं ऐकू येत नाही.

पेटी म्हणजे वर्षभर शनिवार-रविवार खपून मी बनवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. (ट्यूब म्हणा, व्हॉल्व्ह म्हणा, वस्तू एकच. आमच्या घरात व्हॉल्व्हच म्हणतात.) हापिसात आठवडाभर जे करतो त्यातलं काहीच हाताला लागत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी सोल्डरचा धूर घेतो, एवढंच. डाव्या-उजव्या बाजूला एकेक ईएल ८४ आणि त्याच्या आधी अर्धा-अर्धा ईसीसी ८३. ईएल ८४ हा फिलिप्सने १९५० च्या दशकात आणलेला अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह, घरगुती रेडिओत आणि रेडिओग्राममध्ये सर्रास असायचा. आपल्याकडे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्ससुद्धा तो बनवायची. माझे दोन पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, तुटक्या पंख्यांच्या ढिगाखाली मिळाले. एका ईएल ८४ मधून फार तर पाच वॅट निघतात. हो, पाचच. मोबाइलचा साधा चार्जरसुद्धा तेवढे देतो. :-)

तर ही पेटी पुण्यात तयार झाली, आणि घरात आधीपासून असलेले बुकशेल्फ स्पीकर मी तिला जोडले. चांगले महागातले स्पीकर, ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरवर झकास वाजायचे. इथे मात्र गाणारा रांजणात तोंड घालून गातोय असं वाटायला लागलं. तबल्याचा डग्गा फुगलेला, शब्द मागे गेलेले. आवाज वाढवावा तर गायकाने तार षड्ज लावला की चरचर.

प्रोग्रॅमरचा स्वभाव असा की बग आपल्याच कोडमध्ये असणार हे धरूनच चालायचं. कंडेन्सर बदलले. व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहिले. अर्थिंगच्या तारा दोनदा नव्याने ओढल्या. तीन महिने गेले. स्पीकरवर संशय घ्यावा असं एकदाही वाटलं नाही, कारण स्पीकर चांगले आहेत हे मला माहीत होतं. दुसऱ्या मशीनवर ऐकलेच होते ना!

इथे आबांबद्दल सांगायला हवं.

आबांचा धंदा स्पीकरचा. ७२ च्या दुष्काळात माणदेशातली शेती उघडी पडली, तेव्हा त्यांनी उसनवारी करून एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि दोन भोंगे घेतले. ॲम्प्लिफायरला सगळे 'मशीन' म्हणायचे. लग्न, बारसं, भजन, निवडणूक, खरसुंडीच्या सिद्धनाथाची जत्रा, जिथे बोलावतील तिथे. बैलगाडीतून मशीन जायचं तेव्हा व्हॉल्व्ह वेगळे काढून चिंध्यांत गुंडाळून आबांच्या मांडीवर. पुढे दोनाचे चार भोंगे झाले.

आबा सातवी शिकलेले. ओमचा नियम त्यांनी पुस्तकात वाचलेला नाही. पण मशीनच्या मागे चार, आठ आणि सोळा अशी टोकं असायची आणि त्यांचे भोंगे सोळा ओमचे होते. त्यावर त्यांचं गणित तोंडपाठ : एक भोंगा असला तर सोळाच्या टोकाला, दोन बाजूबाजूला जोडले तर आठच्या, चार जोडले तर चारच्या. पॅरलल कनेक्शन ही भानगड मला अकरावीत शिकवली तेव्हा मी वर्गात हसलो होतो. हे तर आमच्या आबांचं भोंग्यांचं गणित!

दुसरा नियम त्याहून कडक. आधी आवाज बंद, मग वायर.

तो नियम मी मोडला. १९८६ सालची गोष्ट, मी दहा वर्षांचा. दिघंचीच्या पुढच्या एका वाडीवर लग्न होतं. आबा जेवायला बसलेले, मशीनजवळ मी. कुणीतरी म्हणालं, भोंगा तिकडं बायकांच्या बाजूला वळव. वायर पुरेना, म्हणून गाणं चालू असतानाच मी भोंग्याची वायर मशीनमधून उपसली आणि दुसरी शोधायला गेलो. परत येईतो व्हॉल्व्हच्या बुडाशी निळी ठिणगी दिसली आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता.

का जातो, ते आता मला नीट सांगता येतं. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला ताकद देतो. स्पीकर काढला की त्या ताकदीला वाट राहत नाही, प्राथमिक वेटोळ्यात दाब चढत जातो, शेकड्यांचा हजारांत, आणि तारेवरचं वार्निश फुटतं. ट्रान्झिस्टरच्या मशीनचं याच्या उलट असतं. ते मोकळं ठेवलं तर चालतं, वायरी एकमेकींना चिकटल्या की जातं. पण दहा वर्षांच्या मला एवढंच कळलं की लग्न मुकं झालं आणि आबांनी ठरलेले पैसे परत केले. ट्रान्सफॉर्मर सांगलीला नेऊन पुन्हा गुंडाळून आणावा लागला. त्या हंगामात जे मिळालं ते त्यातच गेलं.

आबांनी मला मारलं नाही. बोललेही नाहीत. फक्त त्यानंतर मशीनच्या कामाला हाक मारली नाही. "तू आभ्यास कर," म्हणाले. मी केला. पुण्याला आलो, इंजिनियर झालो, वगैरे. नव्वदीनंतर डीजे आणि मोठमोठे बॉक्स आले, आबांचा धंदा हळूहळू आटला. मशीन माळ्यावर गेलं. वीसेक वर्षं भोंग्यांच्या शेजारी उभं राहिल्याचं व्याज कानांनी पुढे वसूल केलं.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांची कानाची तपासणी केली. तपासणीचा आलेख पाहिला तर खर्जाकडची बाजू बऱ्यापैकी, मग ३,०००-४,००० हर्ट्झला कडेलोट. मोठ्या आवाजाने खराब झालेल्या कानांचं हे नेहमीचं चित्र. उजवा कान जास्त गेलेला, डावा त्यातल्या त्यात बरा. स, श, फ, थ, त, क यांची ओळख ज्या बारीक आवाजात असते तो याच पट्ट्यात येतो. म्हणून 'साप', 'ताप' आणि 'काप' त्यांना सारखेच. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. मी चांगल्यातली श्रवणयंत्रं घेतली, एका बैठकीत कानात बसवून घेतली आणि आबा आटपाडीला परतले. महिन्याभरात यंत्रं कपाटाच्या खणात. विचारलं की म्हणायचे, "भांडी वाजत्यात नुसती." मी फोनवर चिडायचो. एवढे पैसे घातले, वस्तू चांगली, आणि आबा वापरतच नाहीत!

ही पार्श्वभूमी. आता दिवाळी.

पाडव्याच्या सकाळी सोप्यात सतरंजी टाकून मी पेटी मांडली. (बुकशेल्फ स्पीकरही सोबत नेले होते.) व्हॉल्व्ह तांबूस झाले तसे आबा पुढे सरकले. झाकणाला हात लावून गरम किती झालंय ते पाहिलं, खाली वाकून वास घेतला. मी गाणं लावलं. आबांनी डावा कान स्पीकरकडे केला. एका मिनिटाने विचारलं, "ह्यो किती ओमचा?"

"आठ."

"कुणी सांगितलं?"

"मागं लिहिलंय की."

"मशीनला इचारलंस का? बसतोय म्हून?" मग थोड्या वेळाने, "वझं झालंय रं त्येला. दम लागतोय बघ मशीनला."

ज्यांना निम्मंही ऐकू येत नाही त्यांना हे कळलं कसं, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. पण वर येणारा आवाज अडखळतोय हे त्यांना कळलं. आणि मी पहिल्यांदाच स्पीकर मोजायला बसलो.

मोजायची रीत सोपी आहे. मोबाइलमधून एकेका हर्ट्झचा सूर सोडायचा, स्पीकरच्या आधी एक ठरावीक रेझिस्टर घालायचा, आणि रेझिस्टरवर किती व्होल्ट पडले आणि स्पीकरवर किती, ते मल्टिमीटरने पाहायचं. त्या प्रमाणातून ओम निघतात. आबा वहीत आकडे लिहीत होते. ७० हर्ट्झला ३० ओम. २०० ला ५. पुढे ८, मग १२. आबांनी वही माझ्याकडे वळवली. "आठ कुठंय ह्यात?"

खरी गोष्ट अशी की स्पीकरवर लिहिलेले आठ ओम म्हणजे नावापुरते आठ. स्पीकर हा काही रेझिस्टर नव्हे. कॉइल, मॅग्नेट, कोन, पेटीतली हवा, सगळे मिळून हलतात आणि सूर बदलला की भार बदलतो.

आता व्हॉल्व्हच्या बाजूने पाहू. ईएल ८४ ला एकट्याने काम करताना आपल्यापुढे साधारण ५,२०० ओमचा भार दिसायला हवा. स्पीकर आठ ओमचा. या दोघांची गाठ आऊटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो. वेढ्यांचं प्रमाण साडेपंचवीसास एक ठेवलं तर ओमचं प्रमाण त्याच्या वर्गाएवढं, म्हणजे ६५० पट. आठ गुणिले ६५०, बरोब्बर ५,२००. पण माझ्या स्पीकरमुळे माझ्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला २०० हर्ट्झला ३,२५० ओम दिसत होते आणि ७० हर्ट्झला १९,५००. एकदा चढ, एकदा उतार, आणि गाडीवान म्हणतो रस्ता सपाट आहे.

दुसरं गणित आतल्या अडथळ्याचं. ॲम्प्लिफायरला स्वतःचाही थोडा अडथळा असतो. तो मोजायला मी आधी १६ ओमचा आणि मग ८ ओमचा रेझिस्टर लावला. (मोकळा ठेवून मोजायचा नाही, हे या घरात कुणी मला सांगायची गरज नव्हती.) १६ वर २.४ व्होल्ट मिळाले, ८ वर २.०. हिशेब केला तर आतला अडथळा ४ ओम. ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्ये हा आकडा एका ओमच्या दशांशात असतो, त्यामुळे स्पीकर ५ चा असो की ३० चा, त्याला व्होल्ट जवळजवळ सारखेच मिळतात. इथे मात्र ३० ओमला चौतिसातले तीस भाग मिळतात आणि ५ ओमला नवातले पाचच. हा फरक चार डेसिबल होतो. म्हणजे ७० हर्ट्झचा सूर २०० च्या सुरापेक्षा चार डेसिबल फुगून येणार. माझा रांजण तो हाच. कंडेन्सरमध्ये तो नव्हताच, तिथे शोधून सापडणार कसा!

तिसरं गणित सगळ्यात साधं, आणि विकत घेताना तेच बघायचं राहून जातं. एक वॅट दिला तर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल वाजतो? माझ्या स्पीकरच्या कागदावर ८४ लिहिलं होतं. ८४ म्हणजे दिलेल्या विजेतला हजारातला दीड भाग आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. पाच वॅटने त्यात सात डेसिबलची भर, म्हणजे ९१, आणि तेही तोंडासमोर. खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत येताना त्यातलं आणखी जातं. गाण्यातल्या उसळ्या सरासरीपेक्षा पंधरा-वीस डेसिबल वर जातात, तिथे मशीनचा दम संपतो. तीच चरचर. ९६ डेसिबलचा स्पीकर असता तर त्याच पाच वॅटने जेवढा आवाज झाला असता, तेवढाच काढायला माझ्या स्पीकरला ऐंशी वॅट लागतात. डेसिबलचे आकडे दिसतात किरकोळ, पण दर तीनला ताकद दुप्पट लागते.

आबांना हे डेसिबल सांगितले नाहीत. ते म्हणाले तेच बरोबर होतं. "नुसता कोन हवेला चापट मारतोय. भोंगा हवा धरून ढकलतोय. म्हून भोंग्याला मशीन बारीक चालतंय." ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात हेच जरा जड भाषेत लिहिलेलं असतं. भोंगा हासुद्धा एक ट्रान्सफॉर्मरच, कोनाचा भार आणि हवेचा भार यांची गाठ घालणारा.

मग आबा उठले. म्हणाले, "माळ्यावर चढ."

माळ्यावर दोन उघड्या पाठीच्या लाकडी पेट्या होत्या. प्रत्येकीत बारा इंची, कागदी कोनाचा स्पीकर. हे कुठले, ते मला माहीत होतं. जत्रेजत्रेला फिरणारा एक तंबू सिनेमा बंद पडला तेव्हा मालकाने आबांच्या उधारीत ते दिले होते. त्या तंबूत 'दो आँखें बारह हाथ' लागला की आटपाडीकर हटकून गर्दी करायचे, असं आबा सांगतात. शांतारामबापूंच्या या १९५७ च्या सिनेमाची गोष्ट गदिमांनी लिहिलेली, आणि ती सुचलेली आमच्या शेजारच्या स्वतंत्रपूरवरून. औंध संस्थानाने कैद्यांसाठी काढलेली ती बिनभिंतीची वसाहत. तर तो सिनेमा या कागदातून बोललेला आहे.

झाडून-पुसून पाहिलं. एका कोनाच्या कडेला चीर होती, ती पातळ कागद आणि डिंक लावून बुजवली. मल्टिमीटरने कॉइल पाहिली, साधारण बारा ओम. मल्टिमीटर दाखवतो तो नुसता तारेचा अडथळा, तो छापील आकड्याहून थोडा कमीच असतो. म्हणजे सोळाचे स्पीकर. आणि माझ्या मशीनला सोळाचं टोकच नाही! चार आणि आठ, एवढीच टोकं मी घेतली होती. मी म्हटलं, "नाही जमायचं, आबा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. दहा वर्षांच्या पोराकडे बघावं तसे.

"दोन हायेत न्हवं?"

दोन सोळाचे, बाजूबाजूला जोडले, आठच्या टोकाला. पंचवीस वर्षं कोड लिहिणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही, कारण मी स्टिरिओत अडकलो होतो. एक स्पीकर डावा, एक उजवा. पण ऐकायचं होतं गीतरामायण. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर आठवड्याला एक असं गाजलेलं, छप्पन्न गाण्यांचं, आणि आमच्याकडचं बाबूजींच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मोनोच आहे. दोन्ही बाजूंनी एकच आवाज येणार असेल तर दोन बाजू हव्यात कशाला? आणि आबांचा कामाचा कानही एकच.

"लाव तू वायर," आबा म्हणाले. आणि मी हात पुढे केला तसं लगेच, "आधी आवाज बंद."

"माहितीय, आबा."

"व्हय. तुला म्हाईत हाय." आणि हसले. एकोणचाळीस वर्षांत या विषयावर आमचं झालेलं एवढंच बोलणं.

दुसऱ्या बाजूला मोकळं सोडायला नको म्हणून आठ ओमचा जाड रेझिस्टर लावला, दोन्ही पेट्या आबांच्या डाव्या हाताला ठेवल्या आणि गाणं सुरू केलं. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर त्याच सुराला बुकशेल्फपेक्षा साधारण दहा डेसिबल जास्त दिसत होते. मोबाइलचं मीटर काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण दहा म्हणजे दसपट ताकद. माझी पाच वॅटची पेटी पन्नास वॅटची झाली होती आणि आवाजाचं बटण अर्ध्यावरही नव्हतं. रांजण गेला होता. या कोनांच्या ओमचा आलेखही काही सपाट नाही, खर्जात त्यांचाही डोंगर आहेच. पण उघड्या पाठीच्या पेटीत खर्ज आपोआप उतरतो, आणि व्हॉल्व्ह नेमका तिथेच जरा जास्त देतो. एकाची उणीव दुसऱ्याच्या खोडीने भरून निघते. त्या काळच्या रेडिओवाल्यांनी हे जुळवूनच घेतलेलं असावं.

आता कुणाला वाटेल की आबांना सगळं स्वच्छ ऐकू आलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं. तसं काही झालं नाही. चार हजार हर्ट्झच्या वरचं जे गेलंय ते कागदी कोन कुठून आणणार? पण फुगलेला खर्ज शब्दांवर बसत होता तो उठला, आणि चरचर नव्हती. गदिमा शेटफळ्यात जन्मलेले, माडगूळ्याचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. त्यांचे शब्द आबांना पाठ आहेत. ऐकू आलेल्या स्वरावरून पुढचा शब्द ते स्वतःच भरत होते, ओठ हलत होते. तीन गाणी झाली. चौथ्याला म्हणाले, "बास. दमलो." मी बटण फिरवलं, मग वायर काढली.

संध्याकाळी अंगणात बसलो असताना मी विचारलं, "मग ते पुण्याचे स्पीकर वाईटच म्हणायचे?"

"वाईट कशानं? खिल्लार बैल वाईट असतोय व्हय? पर एक खिल्लार आन् एक म्हातारं, आसं जुंपलं तर गाडी वाकडीच जाणार. मशीन बी चांगलं, स्पीकर बी चांगला. जोड जमली न्हाई." मग जरा थांबून, कपाटाच्या दिशेने मान हलवून : "त्या कानातल्याचं बी तसंच हाय."

मी गप्प बसलो. तीन वर्षं मी त्यांना फोनवर सुनावत होतो की वस्तू चांगली आहे, तुम्हीच वापरत नाही. तीन महिने कंडेन्सर बदलत होतो तसंच. वस्तू चांगली होती, कानही जसे आहेत तसे होते, पण दोघांची गाठ नीट घालून घ्यायला मी परत गेलोच नव्हतो. घाई माझी होती, रजा एकाच दिवसाची होती.

जानेवारीत आबांना पुण्याला आणलं. ऑडिऑलॉजिस्टबाईंनी पहिलीच गोष्ट सांगितली की पहिलं बसवणं ही नुसती सुरुवात असते, मग काही आठवडे येत राहायचं असतं. असे कान हळू आवाजाला बहिरे असतात आणि मोठ्या आवाजाला नेहमीपेक्षा जास्त दुखरे. "मोठ्यानं बोल" आणि "वरडतोस कशाला" ही दोन वाक्यं एकाच मिनिटात येतात ती त्यामुळेच. तेव्हा यंत्राने हळू आवाज पुष्कळ वाढवायचा आणि मोठा आवाज जवळजवळ तसाच सोडायचा. किती, ते प्रत्येक कानाचं वेगळं. आबांनी त्यांना सगळं नीट सांगितलं : भांडी कशी वाजतात, एसटीचा हॉर्न कसा टोचतो. तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला कानातला साचा बदलला. आबा बाईंना म्हणाले, "आता आठच्या टोकाला लागलं बगा." त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

कुणाला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवायचा किंवा घ्यायचा असेल तर माझ्या तीन महिन्यांचं सार इथे लिहून ठेवतो. आधी स्पीकर ठरवा, मग मशीन. पाच वॅटला ९२ डेसिबलच्या खालचा स्पीकर बघू नका, खोली लहान असेल तर गोष्ट वेगळी. ओमचा छापील आकडा वाचून थांबू नका, आलेख मिळाला तर पाहा, नाही तर स्वतः मोजा. तो जितका सपाट तितकं बरं, आणि खाली ६ च्या आत फार उतरू नये. ट्रान्सफॉर्मरला टोकं जास्त ठेवा, सोळासुद्धा. झाकण उघडायच्या आधी प्लग काढा आणि कंडेन्सर रिकामे झालेत का ते मीटरने पाहा, बंद मशीनमध्येही अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. आणि आधी आवाज बंद, मग वायर.

पेटी मी आटपाडीलाच ठेवली. बुकशेल्फ स्पीकर पुण्यात आपल्या जुन्या ट्रान्झिस्टर मशीनवर परत झकास वाजतायत. आबा यंत्रं दिवसातून चारेक तास घालतात, जेवताना काढून ठेवतात. पापड टोचतो म्हणे. :-)

गेल्या रविवारी फोन केला तेव्हा मी सवयीने ओरडूनच सुरुवात केली. पलीकडून आबा म्हणाले, "आरं हळू बोल की. ऐकू येतंय."